काय बदलले ते दिसले पाहिजे



आम्ही विद्वान नाही. सातवीनंतर आमची शाळा सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि मजुरांच्या सभांतून. त्यामुळे व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असणार की आम्ही मजुरी, बोनस किंवा ठेकेदारी यांपैकी कशावर तरी बोलू. आम्ही विषय कळवला तो मात्र निराळाच. विकिपीडियासारख्या, कोणीही लिहावा आणि कोणीही दुरुस्त करावा अशा ज्ञानकोशात, पानाच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीतला फरक वाचकाला कसा दाखवावा आणि तो आजच्यापेक्षा चांगला कसा दाखवता येईल, हा तो विषय. पत्र पाहून एक सदस्य आम्हांला हळूच म्हणाले, "भाऊ, हा विषय तुमचा कसा काय?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर एका जुन्या हकीकतीत आहे, म्हणून तीच आधी सांगतो.

१९९८ साल होते. आम्ही तेव्हा वयाने तिशीच्या आत होतो. याच मेळघाटाच्या मुलुखात लाकडाच्या कामावर असलेल्या मजुरांचा एक तंटा बरेच महिने चालला होता. अखेर तडजोडीचा मसुदा तयार झाला, टंकलिखित बारा पाने. त्यातले एक कलम असे होते की, ज्या मजुराचे एका वर्षात २४० दिवस काम भरले असेल त्याला कायम हजेरीपटावर घ्यावे. मसुदा आम्ही मजुरांना तीन संध्याकाळी वाचून दाखवला. वाक्य मराठीत वाचायचे, हिंदीत सांगायचे आणि एकाने ते कोरकूत समजवायचे. सर्वांनी माना डोलावल्या. मग तो मसुदा समोरच्या पक्षाकडे गेला आणि आठवड्याने परत आला. सोबत चिठ्ठी होती: फक्त टंकलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या आहेत. आम्ही पाने चाळली. तीच बारा पाने, तीच कलमे, तेच क्रमांक. आम्ही सही केली.

त्या रात्री सही झालेली प्रत वाचून दाखवत असता, एक वयस्क कोरकू मुकादम मध्येच हात वर करून म्हणाले, "भाऊ, हा शब्द पयले नव्हता." त्यांना अक्षरओळख नव्हती, पण कान तयार होता. आम्ही जुनी कार्बन प्रत काढली आणि ओळीला ओळ लावली. 'एका वर्षात २४० दिवस' याऐवजी 'एका वर्षात सलग २४० दिवस' असे झाले होते. एकच शब्द वाढला होता, सलग. आता आपल्यापैकी ज्यांना हा मुलूख ठाऊक आहे त्यांना निराळे सांगणे नको. पावसाळ्यात जंगलातले काम थांबते आणि होळीला कोरकू माणूस जिथे असेल तिथून गावी परततो. तो सण आठवडाभर चालतो. तेव्हा सलग २४० दिवस हे कोणाचेच भरणे शक्य नव्हते. कलम कागदावर राहिले आणि त्याचा लाभ मात्र एकालाही उरला नाही. तो शब्द काढून घेण्यास आम्हांला दोन वर्षे भांडावे लागले. तोवर त्यांतली काही माणसे मुलाबाळांसह वीटभट्टीच्या कामाला दूरदेशी निघून गेली होती. दोष दुसऱ्यावर ढकलून चालणार नाही. सही आमची होती.

त्या दिवसापासून आम्ही संघटनेत एक नियम घातला. मसुदा परत आला की दोन माणसे समोरासमोर बसतात. एक जुनी प्रत मोठ्याने वाचतो, दुसरा नव्या प्रतीवर बोट फिरवतो. जिथे बोट अडखळेल तिथे तांबड्या पेन्सिलीने रेघ मारायची. मग संपूर्ण मसुदा पुन्हा न वाचता तेवढ्या रेघा सभेपुढे ठेवायच्या. फरक दाखवणे म्हणजे काय, हे आम्ही संगणकावर नव्हे तर त्या तांबड्या पेन्सिलीपाशी शिकलो.

हा विचार काही आमचा नवा नाही. आपल्या भाषेत तो फार जुना आहे, आणि त्याचे एक मूळ आपल्याच जिल्ह्यात आहे. येथून सेमाडोहचा घाट उतरून परतवाड्याच्या पुढे गेले की मोर्शी तालुक्यात रिद्धपूर लागते. तेराव्या शतकाच्या अखेरीस त्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गावोगाव फिरून, ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून जमा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पुढे धामधुमीत मूळ पोथी हरवली, असे महानुभाव परंपरा सांगते. मग निरनिराळ्या मंडळींनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा लिहिली. साहजिकच एका ठिकाणी एक शब्द, दुसऱ्या ठिकाणी दुसरा. पण त्या मंडळींनी या फरकांवर पांघरूण घातले नाही. अमक्याचा पाठ असा, तमक्याचा असा, अशी नोंद पोथीतच ठेवण्याची रीत त्यांनी पाळली. गुरूच्या शब्दाविषयी ज्यांना पराकाष्ठेचा आदर, त्यांनीच मतभेद उघडा ठेवला, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

दुसरे उदाहरण एकनाथमहाराजांचे. पाठांतराने आणि नकला करणाऱ्यांच्या हातून ज्ञानेश्वरीत अशुद्धे शिरली होती. शके १५०६ मध्ये नाथांनी ती शुद्ध केली, आणि पुढे कोणी तिच्यात आपली ओवी घालू नये असा इशाराही दिला. हे उपकार थोर आहेत. परंतु नाथांनी काय काढले, काय ठेवले आणि का, याची यादी आपल्यापुढे नाही. शुद्ध झालेला ग्रंथ आपल्याला मिळाला; शुद्धीचा मार्ग मात्र दिसत नाही. नाथांवर आपली श्रद्धा आहे म्हणून भागते. प्रत्येक दुरुस्ती करणारा काही एकनाथ नसतो.

तिसरे उदाहरण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे. १९१९ साली तेथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर हे त्याचे प्रमुख संपादक १९२५ पासून होते. बाराशेहून अधिक हस्तलिखिते त्या कामी तपासली गेली. त्या ग्रंथाचे एक पान आम्ही प्रथम पाहिले तेव्हा त्यातले संस्कृत आम्हांला कळले नाही, पण पानाची मांडणी कळली. वर स्वीकारलेला पाठ, खाली बारीक टाइपात कोणत्या पोथीत काय निराळे आहे त्याची नोंद. आणि जिथे संपादकांची स्वतःची खात्री कमी, तिथे शब्दांखाली नागमोडी रेघ. आमची तांबडी पेन्सिल आणि ती नागमोडी रेघ या एकाच कुळातल्या, असे आमच्या मनात आले.

आता आपण मूळ विषयाकडे येऊ. विकी हा शब्द हवाई बेटांवरच्या भाषेतला. त्याचा अर्थ झटपट. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९९५ साली असे पहिले स्थळ सुरू केले की ज्याचे पान वाचणाऱ्यालाच बदलता येईल. २००१ च्या जानेवारीत इंग्रजी विकिपीडिया निघाला आणि १ मे २००३ या महाराष्ट्रदिनी मराठी विकिपीडियाची सुरुवात झाली. त्याचे पान कोणीही बदलू शकतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्या पानाची प्रत्येक जुनी आवृत्ती जपून ठेवलेली असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पानाच्या माथ्यावर 'इतिहास' असा शब्द असतो. तो दाबला की कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता बदल केला याची यादी येते, आणि कोणत्याही दोन आवृत्त्या निवडून त्यांतला फरक पाहता येतो. डाव्या हाताला जुना मजकूर, उजव्या हाताला नवा. गेलेले शब्द पिवळ्या रंगात, आलेले निळ्या रंगात, आणि समासात वजा-अधिक अशी चिन्हे. आमच्या नियमातली ती दोन माणसे येथे यंत्राने बसवली आहेत.

हे यंत्र काम कसे करते? समजा, एका कामावरचा सकाळचा हजेरीपट आणि संध्याकाळचा हजेरीपट आपल्यापुढे आहे. दोन्हींत जी नावे त्याच क्रमाने आली आहेत अशी लांबात लांब मालिका आपण आधी शोधायची. ती सापडली की उरलेले काम सोपे. सकाळच्या पटात जे त्या मालिकेबाहेर राहिले ते गेले, संध्याकाळच्या पटात जे बाहेर राहिले ते नवे आले. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय आणि जेम्स हंट यांनी या रीतीचा वृत्तांत १९७६ साली लिहिला. युजीन मायर्स यांनी १९८६ साली अधिक जलद रीत दाखवली. त्या काळी ती संगणकाच्या आज्ञावल्यांसाठी होती, ज्यांत प्रत्येक ओळ सुटी असते. विकीने ती माणसांच्या भाषेला लावली. प्रथम परिच्छेदाला परिच्छेद जुळवायचा आणि मग आतल्या शब्दाला शब्द. येथेच अडचणी सुरू झाल्या, कारण माणसाचे लिहिणे हजेरीपटासारखे नसते.

पहिली अडचण जागा बदलण्याची. एखादा मजूर सकाळच्या पटात पहिला आणि संध्याकाळच्या पटात शेवटचा असेल, तर हे यंत्र म्हणते, एक माणूस गेला आणि एक नवा आला. तसेच पानाचे. कोणी एक परिच्छेद वरून खाली नेला, की पूर्वी डावीकडे सगळा परिच्छेद पिवळा आणि उजवीकडे सगळा निळा. या नेण्या-आणण्यात मधला एखादा 'सलग' घुसवला असेल तर तो त्या रंगाच्या पुरात बुडाला. जर्मन भाषेत लिहिणाऱ्या विकिपीडियाकारांनी ही तक्रार लावून धरली. आता हललेल्या परिच्छेदाला बाणाची खूण येते आणि त्याच्या आत जे बदलले तेवढेच रंगते. तसेच एका परिच्छेदाचे दोन केले तरी पूर्वी यंत्राचा गोंधळ उडत असे. लिहिणाऱ्यांनी २०२२ च्या मागण्यांत ते मांडले आणि त्यावरही उपाय झाला. बंधूंनो, ही यादी म्हणजे दरसालचे मागणीपत्रच होते. २०१५ पासून विनावेतन लिहिणारी ही माणसे आपल्या हत्यारातल्या उणिवा एकत्र मांडून, मते घेऊन, सुधारणा मागू लागली. आमच्यासारख्याला हे वाचून समाधान वाटल्यावाचून कसे राहील?

आता यापुढची गाऱ्हाणी आपल्या भाषेची आहेत. ती जर्मन माणूस मांडणार नाही. ती आपणच मांडली पाहिजेत.

मराठीत विभक्तीचा प्रत्यय शब्दाला चिकटतो. 'मजुरांना' आणि 'मजुरांनी' यांत एका मात्रेचा फरक, पण 'मजुरांना दिले' आणि 'मजुरांनी दिले' यांत देणारा-घेणारा उलटतो. यंत्र सबंध शब्द रंगवते. सुजाण वाचक थांबून पाहतो. मोबाईलच्या काचेवर उन्हात पाहणाऱ्या थकल्या डोळ्याला मात्र दोन्ही शब्द सारखेच वाटतात. तेव्हा शब्दाला फिका रंग आणि बदललेल्या अक्षराला गडद, अशी दुहेरी खूण हवी. पण येथेही सावधगिरी पाहिजे. संगणकाच्या पोटात 'नी' हे एक अक्षर नसून 'न' आणि वेलांटी असे दोन तुकडे असतात. त्याने नुसती वेलांटी सुटी करून रंगवली तर ती हवेत लोंबकळेल आणि वाचता येणार नाही. आपल्या लेखी जे एक अक्षर, जोडाक्षर आणि मात्रा धरून, तेच मोजमापाचे एकक मानले पाहिजे. हे अशक्य नाही. थाई लिपीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, म्हणून विकीच्या तुलना करणाऱ्या आज्ञावलीत थाईसाठी शब्द तोडण्याची निराळी सोय केलेली आहे. थाई भाषेसाठी होते ते मराठीसाठी का होऊ नये?

याच्या उलट गाऱ्हाणे असे की, काही वेळा काहीच बदललेले नसते आणि यंत्र बदल दाखवते. 'शेतकऱ्याला' या शब्दातला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. एका तऱ्हेत त्यासाठी निराळा र आहे, दुसऱ्या तऱ्हेत साधा र आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही तंतोतंत सारखे. एकाने एका कळपाटावर लिहिले आणि दुसऱ्याने दुसऱ्यावर, की डावीकडे 'शेतकऱ्याला' पिवळा, उजवीकडे 'शेतकऱ्याला' निळा. वाचक डोळे फाडून पाहतो आणि त्याला काही सापडत नाही. असे चारदा झाले की तो रंगाकडे दुर्लक्ष करू लागतो, आणि आमच्या मते हे सर्वांत घातक. खोटी घंटा वारंवार वाजली की खऱ्या घंटेला कोणी उठत नाही. अशा ठिकाणी यंत्राने स्पष्ट सांगावे की, हा फरक डोळ्यांस न दिसणाऱ्या चिन्हाचा आहे.

शुद्धलेखनाचेही तसेच. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नियम राज्य शासनाने मान्य केले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. 'केलें'चे 'केले' झाले, 'कांहीं'चे 'काही' झाले. समजा, कोणी जुन्या पुस्तकातला उतारा पानावर चढवला आणि दुसऱ्याने त्याचे अनुस्वार काढले, तर सगळे पान रंगाने भरून जाते. त्या शंभर टिंबांच्या आड एक 'आहे'चे 'नाही' झाले, तर कोणाला दिसणार? म्हणून अर्थाला धक्का न लावणारे लेखनातले बदल फिके दाखवावेत, वाचकाने मागितले तर लपवावेतही. परंतु लपवण्याचे बटण वाचकाच्या हाती असावे. बदल करणाऱ्याच्या हाती नसावे.

हे शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम बोललो. पान जतन करताना लिहिणाऱ्याला 'हा छोटा बदल आहे' अशी खूण करता येते, आणि अलीकडील बदलांची यादी पाहणारा असे छोटे बदल गाळून पाहू शकतो. सोय चांगल्या हेतूची आहे. पण आम्हांला ती खूण दिसली की ती चिठ्ठी आठवते: फक्त टंकलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या आहेत. बदल छोटा की मोठा, हे बदलणाऱ्याने ठरवावे हेच मुळात उफराटे आहे.

त्या यादीत प्रत्येक बदलापुढे एक आकडाही असतो, पान किती वाढले किंवा घटले याचा. तो शब्दांत नसतो, अक्षरांतही नसतो. संगणकाच्या बाइट या मापात असतो. इंग्रजीचे एक अक्षर म्हणजे एक बाइट, आणि देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, मात्रासुद्धा, तीन बाइट. आपण हिशेब करू. 'सलग' हा शब्द आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून अधिक १०. 'आहे' काढून 'नाही' घातले तर अधिक ३. आणि २४० चे ३४० केले तर? शून्य. ज्या बदलाने मजुराचे घर बसेल त्यापुढे शून्य, आणि कोणी चार ओळींची निरुपद्रवी वर्णने घातली तर त्यापुढे ठळक मोठा आकडा. हा आकडा वजन सांगतो, किंमत सांगत नाही. तेव्हा आमची मागणी अशी की, देवनागरीच्या यादीत बदल शब्दांत मोजावा; आणि ज्या बदलात आकडे, तारखा किंवा 'नाही', 'किंवा', 'फक्त', 'सलग' असे वाक्याची दिशा फिरवणारे शब्द बदलले असतील, त्यांना निराळी खूण द्यावी. भाषेतले असे शब्द काही हजारो नाहीत. चार जाणत्या माणसांनी बसून त्यांची यादी करता येईल.

रंगांविषयी दोन शब्द. तांबडा आणि हिरवा यांतला भेद न ओळखणारी माणसे, विशेषतः पुरुष, आपण समजतो त्याहून बरीच असतात. म्हणून विकीने पिवळा-निळा घेतला, ते योग्यच. पण नुसत्या रंगावर कधीच विसंबू नये. अधोरेखा आणि चिन्ह जोडीला असावे. आणि ज्याला दिसतच नाही किंवा वाचताच येत नाही, त्याला हा फरक आवाजात ऐकू यावा: "जुन्यात हा शब्द नव्हता, नव्यात आहे." त्या मुकादमांनी १९९८ साली जे कानाने केले ते यंत्राला आज करता येऊ नये, असे आम्हांला मुळीच वाटत नाही. मेळघाटासारख्या भागात, जिथे घरात कोरकू, बाजारात हिंदी आणि कचेरीत मराठी चालते, तिथे तर ही सोय चैन नसून गरज आहे.

कोणी म्हणेल, एका ज्ञानकोशासाठी एवढी यातायात कशाला? त्यावर आमचे उत्तर असे की, हा प्रश्न ज्ञानकोशापुरता नाही. कायद्याने ही गोष्ट केव्हाच ओळखली आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली कलम ९-अ घालण्यात आले. मजुराच्या सेवाशर्तींत ठराविक बाबतींत बदल करायचा तर मालकाने आधी सूचना द्यावी आणि एकवीस दिवस थांबावे, असे त्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्या कलम ४० मध्येही एकवीस दिवसांच्या सूचनेची ती तरतूद राहिली आहे. संसदेत दुरुस्ती विधेयक येते तेही, अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द घालावेत, अशा भाषेत येते. तत्त्व एकच. बदल करण्यास मनाई नाही, पण तो पुढे मांडून करावा. आमच्या अनुभवाची भर एवढीच, की सूचना भिंतीवर लागली म्हणजे ती कळली असे होत नाही. बारा पाने पुढे टाकून 'शोधा' म्हणणे हेही एक प्रकारचे लपवणेच असते. विकीने सर्व आवृत्त्या जपल्या, हे अर्धे काम झाले. वाचकाची नजर नेमक्या जागी नेणे हे उरलेले अर्धे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. फरक दिसला म्हणून खरे-खोटे कळते काय? नाही कळत. यंत्र एवढेच सांगेल की येथे काल 'आहे' होते, आज 'नाही' आहे. रस्ता खरोखर आहे की नाही, हे त्या रस्त्याने चालणाऱ्यानेच सांगितले पाहिजे. दोन माणसे बोट फिरवून रेघ मारत, पण त्या रेघेवर निर्णय सभाच घेई. म्हणून यंत्र कितीही सुधारले तरी पाहणारे लोक लागतातच, आणि मराठीच्या पानांवर पाहणारे कमी आहेत. लिहिणारा एकवेळ मिळतो. दुसऱ्याने काय बदलले ते वाचणारा मिळत नाही.

तेव्हा आपल्याजवळ आमचे मागणे लहान आहे. येथे बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या खिशात मोबाईल आहे. घरी गेल्यावर मराठी विकिपीडियावर धारणीचे पान उघडा, मेळघाटाचे उघडा, आपल्या गावाचे असेल तर तेही उघडा. पान वाचण्याआधी 'इतिहास' दाबा आणि शेवटचा फरक पाहा. जे चुकीचे दिसेल ते दुरुस्त करा आणि का केले ते आढाव्याच्या चौकटीत एका ओळीत लिहा. आणि पाहताना जिथे आपला डोळा अडला, रंग कळला नाही, अक्षर तुटले, सारखा शब्द निराळा दाखवला, ते टिपून ठेवा. ही प्रणाली कोणा एका मालकाच्या तिजोरीत नाही. तिच्या आज्ञा उघड्या आहेत आणि तिच्यात सुधारणा सुचवण्याचा हक्क सर्वांना आहे. आपल्या कॉलेजात संगणक शिकणारी मुले आहेत. त्यांनी आज्ञावली लिहावी, आपण गाऱ्हाणी द्यावीत. मागणीपत्र असेच तयार होते.

ते मुकादम आता हयात नाहीत. त्यांच्यापाशी आम्ही एकदा विचारले होते की, बारा पानांत एवढासा शब्द तुमच्या ध्यानात कसा आला? ते म्हणाले, "भाऊ, मले वाचता येत नाही ना, म्हणून मी ध्यान देऊन ऐकतो." ज्यांना वाचता येते त्या आम्हां-आपणांवर त्याहून थोडी अधिक जबाबदारी येते, एवढेच आम्हांला सांगायचे होते.